रागावलेल्या मुलाचे पत्र

गेल्या पावसाळ्यात खांबमधल्या ओळखीच्या एका घरी पंधरा वर्षांच्या मुलाने दाराची काच फोडली. कारण क्षुल्लक नव्हते. चारचौघांत त्याच्या बापाचा अपमान झाला होता. मोठी माणसे एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होती, "राग आवर." आवरून तो ठेवायचा कुठे, हे कोणी सांगत नव्हते. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही, पण जुने कागद वाचायची सवय आहे. त्या रात्री मला आपल्याच जिल्ह्यातला एक मुलगा आठवला.

खांबहून एसटीने दक्षिणेला निघालो की कोलाड, इंदापूर, माणगाव, लोणेरे करत महाड येते. महाडजवळच्या लाडवलीत १९०३ साली रामचंद्र बाबाजी मोरे जन्मले. अस्पृश्य मानलेल्या घरातला हा मुलगा शिष्यवृत्ती परीक्षा पास झाला, आणि १९१४ साली महाडच्या इंग्रजी शाळेने त्याला प्रवेश नाकारला. वय अवघे अकरा. गुण होते, शिष्यवृत्ती होती, आड आली ती जात. या वयात अन्याय नेमका कळतो आणि हातात काहीच नसते. माझ्या मते रागाचा सर्वांत कठीण काळ हाच.

मुलाने वर्तमानपत्राला पत्र लिहिले. ते छापून आले आणि शाळेला त्याला घ्यावे लागले. मात्र बसायची जागा इतर मुलांपासून वेगळी, वर्गाबाहेर. हा अर्धा भाग सांगणारे पुष्कळदा गाळतात. पत्राने दार उघडले, बाक दिला नाही. उरलेला राग त्या मुलाने किती वर्षे बाळगला असेल!

पत्र लिहिण्याची ही रीत या मुलखात आभाळातून पडलेली नव्हती. महाड परिसरातलेच गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त होऊन लेखणीकडे वळले होते; १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका काढली. महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा त्यांनी सरकारकडे अर्ज लिहिला. म्हणजे रागाला पत्ता असतो हे इथे आधीच कोणीतरी दाखवले होते.

त्याही आधीचे उदाहरण पुण्याचे. फुले दांपत्याच्या शाळेतली मुक्ता साळवे ही सुमारे चौदा वर्षांची मातंग मुलगी. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त दोन अंकांत आला. वेदांवर एकाच जातीचा हक्क असेल तर आमचा धर्म कोणता, हे ती देवालाच विचारते. वाड्यांच्या पायात पुरलेली माणसे, बाळंतपणात डोक्यावर छप्पर नसलेल्या बाया, सगळे नावानिशी सांगते. शेवटी आपल्याच लोकांना शिकायला सांगते. तो निबंध आजही वाचताना घसा कोरडा पडतो. शाळेत येऊन तिला जेमतेम तीन वर्षे झाली होती. अक्षरे नसती तर हा राग कुठे गेला असता, कोण जाणे.

मोऱ्यांकडे परत येतो. पुढे महाडच्या सभेची खटपट करणाऱ्यांत ते आघाडीवर होते. १९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. बाबासाहेबांसह लोक चवदार तळ्यावर गेले, पाणी प्यायले. मग अफवा पसरली की ही मंडळी वीरेश्वराच्या देवळात शिरणार, आणि जेवायला बसलेल्या प्रतिनिधींवर हल्ला झाला. त्यांच्यात माजी सैनिक होते; उलट मारायची ताकद होती, इच्छाही होती. बाबासाहेबांनी त्यांना थांबवले. प्रकरण पोलिसांत आणि कोर्टात गेले, हल्लेखोरांपैकी काहींना शिक्षा झाली. दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिलला, 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. तळ्याचा दावा मात्र १९३७ सालापर्यंत चालला. दहा वर्षे राग धरून, पण हात न उगारता थांबणे सोपे नव्हते. डिसेंबरच्या दुसऱ्या परिषदेत मनाईहुकूम न मोडण्याचा निर्णय लोकांच्या गळी उतरवताना बाबासाहेबांनाही बरेच बोलावे लागले.

मोरे नंतर कम्युनिस्ट चळवळीत गेले. १९६५ साली, बासष्टाव्या वर्षी, त्यांनी 'जीवनमार्ग' साप्ताहिक सुरू केले.

काच फोडणाऱ्या मुलाला मी हे सांगितले तेव्हा त्याने एवढेच विचारले, "ते बाहेर बसले, तरी शाळेत गेले?"

गेले, म्हणालो.