चाकावरची काळी धूळ : वेगवान मोटार थांबवण्याचा सव्वाशे वर्षांचा हिशेब

१/
जर्मन बनावटीची एखादी वेगवान मोटार सकाळी स्वच्छ धुवावी, डोंगराळ रस्त्यावरून एक फेरी मारून यावे आणि पुढची चंदेरी चाके पुन्हा काळवंडलेली दिसावीत, हा अशा मोटारींच्या मालकांचा नेहमीचा अनुभव आहे. ही धूळ रस्त्यावरची नसते, ब्रेकची असते. तिच्या इतिहासात मोची आहेत, शर्यती आहेत, कारखान्यातले मृत्यू आहेत आणि कायदेही आहेत. आजचा थ्रेड त्याच इतिहासाचा.

२/
आधी थोडे भौतिकशास्त्र. मोटार थांबवणे म्हणजे तिच्या गतिज ऊर्जेची उष्णता करणे. १,५०० किलो वजनाची मोटार ताशी १०० किमी वेगावरून थांबवताना सुमारे ५८० किलोज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. तेवढ्या उष्णतेत पावणेदोन लिटर साधे पाणी उकळीला येईल. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. ताशी २०० किमी वेगासाठी हाच हिशेब सात लिटरांच्या जवळ जातो.

३/
ही उष्णता घर्षणातून निर्माण होते आणि घर्षणात दोन्ही पृष्ठभाग झिजतात. झिजलेला अंश नाहीसा होत नाही. तो कुठेतरी जाऊन बसतो. तो कुठे बसतो आणि कोणाच्या वाट्याला येतो, या दोन प्रश्नांभोवतीच ब्रेकचा इतिहास फिरतो.

४/
ऑगस्ट १८८८. बर्था बेंझ पतीला न सांगता, दोन मुलांसह, त्याच्याच मोटारीतून जर्मनीतील मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाल्या. उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजू लागले, तेव्हा त्यांनी वाटेतल्या एका मोच्याकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. मोटारीच्या ब्रेकला अस्तर लावल्याची ही पहिली नोंद मानली जाते. झीज ठोकळ्याऐवजी बदलता येण्याजोग्या अस्तराची व्हावी, ही कल्पना पुढे कायम राहिली.

५/
इंग्लंडच्या डर्बीशायरमध्ये हर्बर्ट फ्रूड याने हेच दृश्य शेतकऱ्यांच्या गाड्यांवर पाहिले. उतारावर गाडीवान ब्रेकच्या ठोकळ्याला जुन्या बुटाचा तुकडा लावत. फ्रूडने १८९७ मध्ये अशा अस्तरांचा व्यवसाय सुरू केला. त्याच्या आडनावातील अक्षरांची फिरवाफिरव करून आणि पत्नी एलिझाबेथचे आद्याक्षर त्यात मिसळून ‘फेरोडो’ हे नाव तयार झाले. ब्रेक लायनरच्या बाजारात ते आजही चालते.

६/
मोटारींचा वेग वाढला तशी चामडे, कापूस, केस यांची अस्तरे जळू लागली. १९०८ च्या सुमारास फ्रूडने ॲस्बेस्टॉस वापरले. हे तंतुमय खनिज जळत नाही, विणता येते, राळेत मिसळता येते आणि स्वस्तही असते. ब्रेकसाठी याहून योग्य पदार्थ त्या काळात कोणाला सुचला नसता. पुढची सुमारे सात दशके जगातील बहुतेक मोटारी ॲस्बेस्टॉसच्या भरवशावर थांबत राहिल्या.

७/
त्याच सुमारास ब्रेकच्या रचनेचाही निकाल लागत होता. १९०२ मध्ये बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. पण धातूवर धातू घासून ते कर्कश किंचाळत आणि लवकर झिजत. त्याच वर्षी फ्रान्समध्ये लुई रेनॉने ड्रम ब्रेकला सुटसुटीत रूप दिले. ड्रम बंद डब्यासारखा असल्याने चिखल आत जात नसे. बाजी ड्रमने मारली.

८/
बंद डब्याचा आणखी एक परिणाम झाला. झिजलेल्या लायनरची बरीचशी धूळ ड्रमच्या आतच साठत राहिली. चाक बाहेरून स्वच्छ दिसे आणि मालकाला धुळीचा पत्ताही लागत नसे. तिची गाठ पडे ती लायनर बदलण्यासाठी ड्रम उघडणाऱ्या मेकॅनिकशी. तो कॉम्प्रेसरची हवा मारून ड्रम साफ करी आणि ती भुकटी त्याच्या तोंडासमोर उडे.

९/
या भुकटीत काय असू शकते, याचा इशारा कारखान्यांतून आधीच मिळाला होता. इंग्लंडमधील रॉचडेल येथे ॲस्बेस्टॉसचे सूत कातणाऱ्या नेली केरशॉ १९२४ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी मरण पावल्या. त्यांच्या फुप्फुसांची तपासणी विल्यम कुक या विकृतिशास्त्रज्ञाने केली आणि आत रुतलेल्या खनिजकणांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. मालक कंपनीने मात्र मृत्यूची जबाबदारी नाकारली.

१०/
१९३० मध्ये मेरेवेदर आणि प्राइस यांचा सरकारी अहवाल आला. ॲस्बेस्टॉस कामगारांत फुप्फुसांचा आजार व्यापक आहे आणि जितकी वर्षे धुळीत काढावीत तितका धोका वाढतो, असे त्याने दाखवून दिले. १९३१ मध्ये ब्रिटनने नियम केले. कारखान्यांत धूळ शोषून घेणारी यंत्रणा आणि वैद्यकीय तपासणी सक्तीची झाली.

११/
नियमांची मर्यादा इथे लक्षात घ्यायला हवी. ते उत्पादनप्रक्रियांना लागू होते. लायनर घासून आकार देणारा कारखान्यातला कामगार त्यांच्या कक्षेत आला. तोच लायनर झिजल्यावर ड्रम उघडणारा गॅरेजमधला मेकॅनिक आला नाही. वस्तू एकच आणि धूळही तिचीच, पण कारखान्याच्या फाटकाबाहेर कायद्याची नजर पोहोचत नव्हती.

१२/
याला एक दुसरी बाजूही आहे आणि ती सांगणे आवश्यक आहे. ब्रेकच्या तीव्र उष्णतेत ॲस्बेस्टॉसचा बराच भाग फॉर्स्टेराइट या निराळ्या खनिजात रूपांतरित होतो. त्यामुळे ड्रममधील भुकटीत मूळ तंतूंचे प्रमाण अल्प असते. नवे लायनर घासताना किंवा त्यांना छिद्रे पाडताना ते अधिक असते. मेकॅनिकांना नेमका किती धोका झाला, यावर न्यायालयांत आणि वैद्यकीय नियतकालिकांत दीर्घ वाद झडले. धोका मुळीच नव्हता, असा मात्र याचा अर्थ नाही.

१३/
आता शर्यतीच्या मैदानाकडे. वारंवार जोरात ब्रेक लावला की ड्रम तापून फुगतो, उष्णता आत कोंडते आणि ब्रेकची पकड जाते. विमानांसाठी विकसित झालेले डिस्क ब्रेक डनलॉप आणि जॅग्वार यांनी मोटारीवर आणले. १९५२ मध्ये फ्रान्समधील रँस येथे स्टर्लिंग मॉसने डिस्क ब्रेकच्या जॅग्वारवर शर्यत जिंकली. १९५३ मध्ये टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी ल माँची २४ तासांची शर्यत ताशी सुमारे १७० किमी सरासरीने मारली.

१४/
डिस्क उघडी असते, म्हणून ती वाऱ्यावर लवकर निवते. आणि उघडी असते म्हणूनच तिची धूळ आत राहत नाही. फिरत्या चाकाच्या वाऱ्याबरोबर ती थेट रिमवर जाऊन बसते. १९५५ च्या सित्रोएन डीएसनंतर डिस्क ब्रेक सामान्य मोटारींतही पसरू लागले. ड्रमने दडवलेली झीज अशा रीतीने प्रथमच मालकाच्या डोळ्यांसमोर आली. आणि तिच्याकडे त्याने पाहिले ते अस्वच्छता म्हणून.

१५/
ही तक्रार युरोपीय वेगवान मोटारींबाबत अधिक का? जर्मनीच्या ऑटोबानवर अनेक टप्प्यांत वेगमर्यादा नाही. ताशी २०० किमीहून मोटार खात्रीने थांबावी, म्हणून तेथील पॅडमध्ये लोखंडी तंतू आणि कठीण अपघर्षक कण घातले जातात. असा पॅड स्वतः झिजतो आणि ओतीव लोखंडाच्या डिस्कलाही खातो. चाकावरच्या काळेपणात डिस्कच्या लोखंडाचा वाटा मोठा असतो. काजळी म्हणतात ती वस्तुतः लोखंडाची भुकटी असते.

१६/
म्हणून ती नुसत्या पाण्याने निघत नाही. तापलेले कण रिमच्या रंगावर चिकटतात, ओलाव्याने गंजतात आणि खोल रुततात. बाजारातील चाक-स्वच्छकांत थायोग्लायकोलेट हे क्षार असतात. लोखंडाशी संयोग होताच द्रावण जांभळे होते आणि चाकावरून जांभळे ओघळ वाहू लागतात. ब्रेक आपल्या डिस्कचे किती लोखंड खातो, हे त्या रंगावरून कळते.

१७/
यावर उपाय अनेक निघाले आणि प्रत्येकाने काहीतरी मोबदला मागितला. डिस्क आणि रिम यांच्या मध्ये पत्र्याची तबकडी बसवली तर चाक स्वच्छ राहते, पण वारा अडतो आणि ब्रेक तापतात. सिरॅमिक पॅडची धूळ कमी आणि फिकट असते, परंतु शर्यतीच्या तापमानाला त्यांपैकी अनेकांची पकड ढिली पडते. २००१ च्या सुमारास पोर्शे ९११ जीटी२ वर कार्बन-सिरॅमिक डिस्क आल्या. त्यांची झीज अत्यल्प असते, किंमत मात्र डोळे पांढरे करणारी.

१८/
२०१७ मध्ये पोर्शेनेच कायेन टर्बोवर मधला मार्ग काढला. लोखंडी डिस्कवर टंगस्टन कार्बाइडचा अतिकठीण थर देण्यात आला. धूळ ९० टक्क्यांपर्यंत घटते, असा कंपनीचा दावा. या ब्रेकचे कॅलिपर मुद्दाम पांढऱ्या रंगाचे ठेवले गेले. धूळ होत नाही, हे दाखवण्यासाठी याहून बोलकी जाहिरात कोणती असणार?

१९/
दरम्यान ॲस्बेस्टॉसचे काय झाले? अमेरिकेने १९८९ मध्ये बंदी जाहीर केली. १९९१ मध्ये न्यायालयाने तिचा बहुतांश भाग रद्द केला. ब्रिटनने १९९९ मध्ये आणि संपूर्ण युरोपीय संघाने २००५ पर्यंत बंदी आणली. अमेरिकेत क्रायसोटाइल ॲस्बेस्टॉसवरील बंदीचा नियम येण्यास २०२४ उजाडले. नेली केरशॉ यांच्या मृत्यूला तेव्हा शंभर वर्षे झाली होती.

२०/
या कथेचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडोच्या कारखान्यात भारतीय वाहनांसाठी लायनर बनत. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्यास जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानले आणि प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद किमान ४० वर्षे जपण्याचा आदेश दिला. हा आजार दशकानुदशके लपून राहतो, हे त्या आकड्यामागचे कारण. क्रायसोटाइलच्या वापरावर भारतात अद्याप सर्वंकष बंदी नाही.

२१/
ॲस्बेस्टॉसची जागा घेणाऱ्या मिश्रणांत तांबे आले. उष्णता वाहून नेण्यात ते सरस आहे. पण पावसाच्या पाण्याबरोबर रस्त्यावरची ब्रेकची धूळ सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात जाऊ लागली. तांबे जलचरांना घातक असते. सॅमन माशांची घ्राणशक्ती त्याने मंदावते. २०१० मध्ये कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या राज्यांनी कायदे केले. पॅडमधील तांबे टप्प्याटप्प्याने ०.५ टक्क्यांखाली आणायचे ठरले. एका धुळीवरच्या उपायातून दुसरी धूळ निर्माण झाली होती.

२२/
युरोपचे उत्सर्जन-नियम १९९२ पासून ‘युरो १’, ‘युरो २’ असे चढत गेले, पण ब्रेकच्या झिजेला त्यांत स्थान नव्हते. २०२४ मध्ये संमत झालेल्या ‘युरो ७’ने प्रथमच तिला मर्यादा घातली. पेट्रोल, डिझेल आणि हायब्रिड मोटारींसाठी दर किलोमीटरला ७ मिलिग्रॅम, पूर्णतः विजेवरच्या मोटारींसाठी ३ मिलिग्रॅम. विजेची मोटार वेग कमी करताना मोटरलाच जनित्र बनवते आणि पॅडला काम कमी पडते. म्हणून तिची मर्यादा कडक.

२३/
या मर्यादा हवेत तरंगणाऱ्या, १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी आहेत. रिमवर दिसते ती झिजेची मुख्यतः जाड बाजू. सूक्ष्म कण तोवर वाऱ्यावर निघून गेलेले असतात. ड्रमच्या काळात धूळ मेकॅनिकच्या वाट्याला आली, डिस्कच्या काळात ती रस्त्यालगत राहणाऱ्या सर्वांच्या वाट्याला येते. चाक पुसून मालकाचा प्रश्न सुटतो, त्यांचा नाही.

२४/
शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. ब्रेकची धूळ कोरड्या ब्रशने झाडू नये आणि तिच्यावर कॉम्प्रेसरची हवा मारू नये. चाके निवल्यावर ती ओली करूनच धूळ काढावी. जुन्या मोटारीचा ड्रम उघडायचा असेल, तर हा नियम दुप्पट काटेकोरपणे पाळावा.

(थ्रेड समाप्त)