गृहज्योती योजना : तुमच्या घरासाठी मोफत युनिट कसे ठरतात?
कर्नाटकात गृहज्योती योजनेत घरगुती ग्राहकांना दरमहा कमाल २०० युनिट वीज मोफत मिळते. मात्र प्रत्येक घराची मर्यादा वेगळी असते. जुलै २०२३ च्या मूळ नियमात २०२२-२३ मधील मासिक सरासरी वापरात १० टक्के वाढ धरून अंदाज केला होता. या सरळ रेषेच्या सूत्रात १५० युनिट वापरणाऱ्या घराला १५ युनिट जादा मिळत, तर २० युनिट वापरणाऱ्याला फक्त २. रोज रात्री आठ तास पंखा चालवला, तरी महिन्याला सुमारे १७ युनिट लागतात. म्हणून जानेवारी २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ४८ युनिटांपेक्षा कमी सरासरी असलेल्या घरांना टक्केवारीऐवजी थेट १० युनिट जादा देण्याचे ठरवले. त्यामुळे २० युनिटवाल्या घराची मर्यादा २२ ऐवजी ३० झाली.

लक्षात ठेवा : मर्यादा ओलांडली, पण वापर २०० युनिटांच्या आत राहिला, तर फक्त जादा युनिटांचे बिल येते, २०० युनिटांच्या पुढे गेल्यास पूर्ण बिल भरावे लागते.