मीठकर आणि सामान्यांचे दैनंदिन जीवन : मुंबई इलाख्याच्या संदर्भात

प्रस्तावना : आर्थिक धोरणांचा इतिहास बहुधा अंदाजपत्रके व कायदे यांच्या आधारे लिहिला जातो. त्या धोरणांचा खरा भार मात्र सामान्य माणसाच्या स्वयंपाकघरात जाणवतो. ब्रिटिश हिंदुस्थानातील मीठकर हे याचे ठळक उदाहरण होय.

करांचे समानीकरण : १८६९ नंतर बंगालमध्ये मिठावर दर मणी ३ रुपये ४ आणे, तर मुंबई व मद्रास इलाख्यांत १ रुपया १३ आणे कर होता. कमी कराचे मीठ चोरून उत्तरेकडे जाऊ नये यासाठी सिंधू नदीपासून महानदीपर्यंत सुमारे २,३०० मैलांची जकातरेषा होती. तिचा मोठा भाग काटेरी कुंपणाचा असून पहाऱ्यावर जवळजवळ १२,००० माणसे होती. १८७९ मध्ये ही रेषा बहुतांशी उठविण्यात आली. अंतर्गत व्यापाराच्या दृष्टीने ही सुधारणाच होती. परंतु त्यासाठी निरनिराळ्या प्रांतांतील दर जवळ आणणे आवश्यक होते. त्यामुळे बंगालचा दर उतरविताना मुंबई व मद्रासचा दर २ रुपये ८ आण्यांपर्यंत चढविण्यात आला, आणि तोही १८७६-७८ च्या भीषण दुष्काळाच्या काळात.

या दराचा घरगुती अर्थ सरळ आहे. २ रुपये ८ आणे म्हणजे ४० आणे, आणि मणाचे शेर ४०. म्हणजे दर शेरामागे १ आणा केवळ कराचा. सावकार व शेतमजूर यांची मिठाची गरज सारखीच. कष्टकऱ्याची किंबहुना अधिकच. उत्पन्नाच्या प्रमाणात पाहता हा कर गरिबावरच अधिक पडत होता.

कपात व प्रतिकार : १८८२ मध्ये दर २ रुपये झाला, पण १८८८ मध्ये पुन्हा २ रुपये ८ आण्यांवर गेला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ च्या अंदाजपत्रकावरील भाषणात या करावर कठोर टीका केली. पुढे १९०३, १९०५ व १९०७ मधील कपातींनी दर १ रुपयावर आला आणि मिठाचा खप वाढला. १९२३ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळाचा विरोध डावलून व्हाइसरॉयने विशेषाधिकाराने कर दुप्पट केला. तो पुढील वर्षी मागे घ्यावा लागला. १९३० मध्ये दांडीपाठोपाठ वडाळा व शिरोडा येथे सत्याग्रह झाले. अखेर १९४७ मध्ये हा कर रद्द झाला.

निष्कर्ष : दर उतरताच खप वाढला, याचा अर्थ पूर्वी गरीब कुटुंबे मिठातही काटकसर करीत होती. सर्वांवर समान दराने बसविलेला कर न्याय्य असतोच असे नाही. करनीतीचे मूल्यमापन तिजोरीतील जमेबरोबरच घरातील उणिवेवरूनही व्हावयास हवे, हेच या इतिहासातून स्पष्ट होते.