जुने नक्षीचे काचेचे मग: ओळखायचे कसे, जपायचे कसे आणि त्यातून चहा प्यावा का?

आपल्याकडे 'मग' म्हटलं की आधी बाथरूममधला प्लास्टिकचा मग आठवतो. पण घरातल्या जुन्या शोकेसमध्ये एकदा नीट बघा. लग्नाच्या आहेरात आलेला, फुलाफुलांची नक्षी असलेला, सोनेरी काठाचा एखादा काचेचा मग नक्की सापडेल. सहाच्या सेटमधले दोनच उरलेले असतात. 'आता कुठं वापरतो आपण?' म्हणत तेही दिवाळीच्या साफसफाईत भंगारात जातात.

जगभरात अशाच वस्तू जमवणारे लोक आहेत. हा छंद नेमका काय आहे, जुना मग ओळखायचा कसा आणि यात धोका कुठं आहे, ते समजून घेऊ.

लोक नेमकं काय जमवतात?

सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतलं आहे. अँकर हॉकिंग कंपनीने १९४० च्या दशकापासून १९७० च्या दशकापर्यंत 'फायर-किंग' नावाने काचेची भांडी बनवली. ती तेव्हा स्वस्त आणि रोजच्या वापराची होती. आज त्यातले फिक्या हिरव्या रंगाचे 'जेडाइट' मग आणि जाहिरात छापलेले मग संग्राहक शोधत असतात.

भारतीय काचही या शोधाशोधीतून सुटलेली नाही. काचेवर तेलाच्या तवंगासारखी इंद्रधनुषी झाक असते, त्या प्रकाराला 'कार्निव्हल ग्लास' म्हणतात. साच्यात दाबलेली काच गरम असतानाच तिच्यावर धातूच्या क्षारांची फवारणी केली की ही झाक येते. उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबादमध्ये जैन ग्लास वर्क्सने अशा काचेचे नक्षीदार पेले आणि हत्ती-माशाच्या आकाराच्या फुलदाण्या बनवल्या. त्यातल्या काही वस्तूंवर इंग्रजी अक्षरांत 'जैन' हे नाव साच्यातच उमटवलेलं असतं. इंग्लंड-अमेरिकेतल्या संग्राहकांनी या वस्तूंच्या नक्षीला नावं दिली, त्यांच्या याद्या केल्या. आपल्याकडे मात्र तो 'जुना ग्लास' म्हणून टाकला जातो.

महाराष्ट्राचा काचेशी काय संबंध?

जुना आहे. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून स्वदेशी उद्योग उभारायचा, या कल्पनेतून 'पैसा फंड' सुरू झाला. त्यातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडेला काच कारखाना निघाला. १९१६ मध्ये कराडजवळ ओगले ग्लास वर्क्स सुरू झालं. त्या जागेला आज ओगलेवाडीच म्हणतात. वीज नव्हती तेव्हा गावोगावी पेटलेला 'प्रभाकर' कंदील त्यांचाच.

नंतरच्या काळात घरात आलेल्या काचेवर वडोदऱ्याच्या अलेंबिकचं 'येरा', १९६२ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीचं 'बोरोसिल' अशी नावं भेटतात. दुधासारखी पांढरी 'ओपल' काच भारतात बनायला लागली ती १९८० च्या दशकाच्या अखेरीस, 'ला ओपाला'मुळे.

जुना मग ओळखायचा कसा?

पाच गोष्टी बघा.

• बूड: मग उलटा करा. कंपनीचं नाव, चिन्ह किंवा आकडा दिसतो का? वर्षानुवर्षं फळीवर सरकलेल्या मगाच्या बुडाला वेड्यावाकड्या बारीक ओरखड्यांचं कडं असतं. सगळे ओरखडे एकाच दिशेने असतील, तर ते मुद्दाम घासून केलेले असू शकतात.

• सांधा: साच्यात बनलेल्या मगावर उभी बारीक रेघ लागते. ती हाताला जाणवते.

• नक्षी: नखाने हळूच चाचपा. उठाव काचेचाच असेल तर नक्षी साच्यातली आहे. वर रंगाचा थर लागत असेल तर ती छापून किंवा हाताने रंगवून भट्टीत भाजलेली आहे. खरखरीत, धुरकट नक्षी असेल तर काच कोरलेली किंवा आम्लाने खाल्लेली असते.

• कान: मगाचा कान जिथं जोडलेला असतो, तिथं तडा आहे का ते उजेडात धरून बघा. मग आधी तिथंच दगा देतो.

• प्रकाश: नोटा तपासायचा जांभळा दिवा अंधारात मारा. काच झगझगीत हिरवी चमकली तर तिच्यात युरेनियम असू शकतं. पूर्वी रंगासाठी ते थोड्या प्रमाणात घालत. अशी काच शोकेसमध्ये ठेवा, वापरू नका.

किंमत कशावर ठरते?

फक्त वयावर नाही. नक्षीचा रंग किती शाबूत आहे, काठाचा टवका उडालाय का, सेट पूर्ण आहे का आणि तशा वस्तू किती उरल्यात, यावर ठरते. ऑनलाइन कुणी 'दुर्मिळ' लिहून मोठी किंमत लावली म्हणजे ती मिळतेच असं नाही. मागितलेली किंमत बघू नका, तशीच वस्तू प्रत्यक्षात कितीला विकली गेली ते बघा.

त्यातून चहा प्यावा का?

रंगीत नक्षी असेल तर पिऊ नका. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

काचेवरच्या रंगांत शिसं आणि कॅडमियम असू शकतं. इंग्लंडच्या प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधनात नवे आणि जुने मिळून ७२ ग्लास तपासले गेले. २०१७ मध्ये ते निष्कर्ष जाहीर झाले. एकूण १९७ चाचण्यांपैकी १३९ मध्ये शिसं आणि १३४ मध्ये कॅडमियम आढळलं. नव्या वस्तूंनाही हा धोका असतो. २०१० च्या जूनमध्ये मॅकडोनाल्ड्सने अमेरिकेत 'श्रेक'ची चित्रं असलेले सुमारे १ कोटी २० लाख ग्लास परत मागवले होते. कारण होतं चित्रांच्या रंगातलं कॅडमियम.

ओठ टेकतात त्या वरच्या दोनेक सेंटीमीटरच्या पट्ट्यात रंग असेल तर धोका जास्त. लिंबू सरबत, ताक, सोलकढी असे आंबट पदार्थ शिसं लवकर ओढून घेतात. लहान मुलांच्या हाती तर असा मग देऊच नका. शिवाय साधी जुनी काच उकळत्या चहाने तडकू शकते.

जपायचं कसं?

कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ फडकं एवढं पुरे. राख, तारेची घासणी, चिंच किंवा लिंबू वापरलं तर रंग आणि सोनेरी काठ जातो. मग एकात एक घालू नका. अडकलेच तर ओढाताण न करता आतल्या मगात थंड पाणी घाला आणि बाहेरचा कोमट पाण्यात धरा. ओलसर कपाटात वर्षानुवर्षं राहिलेली काच धुरकट होते. ती धुरकटी पुन्हा निघत नाही.

कायदा काय सांगतो?

१९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर किंवा अधिक वर्षं जुनी कलावस्तू 'पुरावशेष' ठरू शकते आणि ती खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. घरोघरी सापडणारे बहुतेक मग एवढे जुने नसतात. तरी परदेशातल्या ग्राहकाला विकण्याआधी वय नक्की करून घ्या.

हिंगोलीत सुरुवात कुठून करायची?

पुण्याचा जुना बाजार किंवा मुंबईचा चोर बाजार गाठायची गरज नाही. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ, कुठल्याही गावात आधी आजी-मावशीचं कपाट बघा. हा मग कुणाच्या लग्नात आला, कुठून घेतला, ते विचारा. हिंगोलीच्या दसऱ्याला दीडशेहून जास्त वर्षांची परंपरा आहे. कदाचित 'दसऱ्याच्या प्रदर्शनातून आणला' असंही उत्तर मिळेल. मिळालेली माहिती चिठ्ठीवर लिहा, मगाचा आणि त्याच्या बुडाचा फोटो काढा. माहिती नसेल तर तो फक्त जुना मग असतो.

दिनकर केळकर यांनी १९२० च्या सुमारास पुण्यात दिवे, अडकित्ते, भांडी अशा घरगुती वस्तू जमवायला सुरुवात केली. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या नावाने उभं राहिलेलं त्यांचं राजा दिनकर केळकर संग्रहालय आज सगळ्यांना माहीत आहे. त्यातल्या कितीतरी वस्तू त्या काळी कुणाच्या तरी माळ्यावर धूळ खात पडलेल्या होत्या.

या दिवाळीच्या साफसफाईत नक्षीचा मग हाती लागला तर टाकायच्या ढिगात घालण्याआधी तो एकदा उलटा करून बघा.