रॉ की जेपीजी? मोबाइलवर फोटो काढताना काय निवडायचं

मोबाइलच्या प्रो मोडमध्ये ‘रॉ’ नावाचा पर्याय दिसतो. सेन्सरने टिपलेली माहिती जवळपास जशीच्या तशी साठवते ती रॉ फाइल. अँड्रॉइडवर ती डीएनजी असते. जेपीजीत मात्र रंग, शार्पनेस फोनच ठरवतो आणि उरलेली माहिती कायमची टाकून देतो. ८ बिट जेपीजीत प्रत्येक रंगाच्या २५६ पातळ्या, १२ बिट रॉमध्ये ४,०९६.

हा फरक कुठे कळतो? तुकोबांची पालखी देहूहून आकुर्डीला येते तेव्हा. वर ढगाळ आभाळ, समोर पांढरे सदरे-टोप्या, खाली सावलीतले चेहरे. जेपीजीत चेहरे उजळायला गेलं की डाग नि पट्टे दिसू लागतात. रॉमधून बरंच काही वर काढता येतं. अर्थात आभाळ पूर्ण पांढरंफटक झालं असेल तर रॉसुद्धा काही करू शकत नाही, म्हणून एक्स्पोजर थोडं कमीच ठेवा. चाकण एमआयडीसीतल्या पिवळ्या दिव्यांखाली काढलेल्या फोटोचा व्हाइट बॅलन्सही रॉमध्ये घरी येऊन बदलता येतो.

पण एक गंमत आहे. फोनचा नेहमीचा जेपीजी अनेक फ्रेम जोडून बनतो, प्रो मोडमधला रॉ बहुतेकदा एकाच फ्रेमचा. त्यामुळे एडिट न केलेला रॉ फिका आणि दाणेदार दिसतो. एडिटिंगचा कंटाळा असेल तर मी सरळ जेपीजीच सांगेन. शिवाय १२ मेगापिक्सेलचा रॉ २४ एमबीच्या आसपास जातो, स्टोरेज बघता बघता भरतं. पालखीला मी दोन्ही चालू ठेवतो: जेपीजी लगेच घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, डीएनजी रात्री निवांत स्नॅपसीडमध्ये.