घरोघरी नवजात बालसेवा

गावातल्याच प्रशिक्षित बाईने घरी जाऊन बाळंतीण व बाळाची काळजी घेण्याची पद्धत. ती गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने संशोधनातून सिद्ध केली.

पाया आधीच्या न्यूमोनियाच्या कामात होता. दहाच्या फार पुढे मोजता न येणाऱ्या दाईलाही बाळाचे श्वास मोजता यावेत म्हणून मण्यांचे लाकडी साधन केले गेले. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ उलटे करायचे आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा, लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया.

नवजात मृत्यूंचा अभ्यास १९९३ मध्ये सुरू झाला. ३९ गावांत ‘आरोग्यदूत’ स्त्रिया बाळाचे वजन करत, त्याला ऊब देत आणि जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत. घरात बाईने सुई टोचणे अनेक तज्ज्ञांना रुचणारे नव्हते. ४७ गावे तुलनेसाठी होती. सेवेच्या तिसऱ्या वर्षी त्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. निष्कर्ष १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आले.

२०११ पासून ही सेवा, इंजेक्शन वगळून, गावोगावच्या ‘आशा’ आरोग्य कार्यकर्त्यांमार्फत देशभर सुरू झाली. बुलढाणा जिल्ह्यातील नांदुरा तालुक्यातही दवाखान्यात बाळंत झालेली बाई घरी परतली, की आशा ३, ७, १४, २१, २८ व ४२व्या दिवशी वजनकाटा आणि थर्मामीटर घेऊन दारात येते. प्रसूती घरीच झाली असेल, तर त्याआधी पहिल्या दिवशीही.