तळटीप : ‘कोल्हापूरचे ते प्रकरण’

लेखकाला येथे बर्वे प्रकरण अभिप्रेत आहे. वेडे ठरवलेल्या तरुण छत्रपती चौथ्या शिवाजी महाराजांचा छळ चालला असून त्यामागे कारभारी रावबहादूर महादेव वासुदेव बर्वे आहेत, असा आरोप पुण्याच्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या वृत्तपत्रांनी केला. लोक खवळले. पण चौकशी कारभाऱ्यांची झालीच नाही. बर्व्यांनीच अब्रूनुकसानीची फिर्याद केली आणि आरोपीच्या पिंजऱ्यात संपादक टिळक-आगरकर उभे राहिले. आरोपाच्या पुराव्यादाखल छापलेली पत्रे बनावट निघाली. हा संपादकांचा खरा दोष, आणि त्यांनी माफीही मागितली. तरी जुलै १८८२मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली.

लोकांची सहानुभूती मात्र ढळली नाही. खुद्द कोल्हापुरात, कारभाऱ्यांच्या डोळ्यांदेखत, राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी खटल्याच्या मदतीसाठी नाटक केले; त्यात सोळा वर्षांच्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी स्त्रीभूमिका केली होती. २६ ऑक्टोबरला दोघांच्या सुटकेच्या वेळी डोंगरीच्या तुरुंगाबाहेर स्वागताला मोठी गर्दी लोटली.

पत्रे खोटी होती, महाराजांविषयीची लोकांची काळजी खोटी नव्हती, असे माझे स्पष्ट मत आहे. २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगर येथे ग्रीन नावाच्या गोऱ्या रखवालदाराशी झालेल्या झटापटीत महाराज वारले. त्यांचे वय वीस वर्षांचे होते. — संपा.